वाशीला जाताना घाट कोणता? बीडच्या मालमोटारींचा जुना प्रश्न, नवा हिशेब

बीड जिल्ह्यातील फळबागायतदार, आडतीचे व्यापारी आणि मालमोटारींचे मालक यांच्यापुढे दर हंगामात एक प्रश्न हमखास उभा राहतो. माल भरून झाला, ताडपत्री आवळली, दोरखंड बांधला. आता मुंबईला जायचे कोणत्या घाटाने? माळशेज उतरायचा, की खंडाळ्याचा बोरघाट, की संभाजीनगरकडून समृद्धी महामार्ग धरून इगतपुरीच्या बोगद्यातून ठाणे जिल्ह्यात उतरायचे? प्रश्न साधा वाटतो आणि बहुतेक वेळा तो चालकावर सोपवून मालक घरी जेवायला निघून जातो. परंतु सीताफळासारख्या नाजूक मालाचा नफा-तोटा याच एका निर्णयावर अवलंबून असतो, असे आमचे निरीक्षण आहे. म्हणून या वेळी या पानावर आम्ही हाच विषय घेतला आहे.

बीडच्या बार्शी नाक्यावर संध्याकाळी काही चालक व मालक बंधूंबरोबर बसलो असता एक हकीकत ऐकायला मिळाली. धारूरकडील दोन भावांनी एकाच संध्याकाळी, एकाच बागेतील सीताफळ दोन वेगवेगळ्या गाड्यांत भरून वाशीला पाठविले. एक गाडी समृद्धीने गेली व पहाटे बाजाराच्या फाटकात उभी राहिली. दुसरी माळशेजने गेली. घाटात पुढे एक मालमोटार आडवी झाली होती. पाच तास रांग हलली नाही. गाडी वाशीला पोहोचली तेव्हा सकाळचे अकरा वाजून गेले होते, गिऱ्हाईक पांगले होते आणि वरच्या थरातील फळाला बोट लावले तर खड्डा पडत होता. पहिल्या गाडीला चांगला भाव मिळाला, दुसरीचा माल पडेल भावाने द्यावा लागला.

येथपर्यंतची हकीकत कोणीही सांगेल. पुढची गोष्ट महत्त्वाची. दोन्ही चालकांना मालकाने खर्चासाठी सारखीच उक्ती रक्कम दिली होती. त्यातून डिझेल, टोल, चहापाणी सारे भागवायचे आणि उरेल ते चालकाचे. मग दुसऱ्या चालकाने टोल वाचविणारा रस्ता धरला, यात त्याचे काय चुकले? तेथे बसलेल्या एका वयस्कर चालकाने, ज्यांना सारे जण उस्ताद म्हणतात, एकाच वाक्यात प्रकरण मिटविले. ते म्हणाले, “घाट चालक ठरवत नाही, साहेब, खर्चाचे पैसे ज्या रीतीने दिले, ती रीत घाट ठरवते.” आमच्या या लेखाचे सार तेच आहे, हे आधीच सांगून टाकतो.

भिंत आणि तिच्यातील दारे

आपला जिल्हा दख्खनच्या पठारावर आहे आणि बाजार समुद्रकाठी आहे. मध्ये सह्याद्रीची भिंत. ही भिंत ओलांडण्याच्या वाटा मोजक्याच आहेत व त्या फार जुन्या आहेत. बीडच्या उत्तरेला गोदावरीकाठी पैठण, दक्षिणेला धाराशिव जिल्ह्यात तेर, ही दोन्ही सातवाहन काळातील नामांकित व्यापारी पेठा. पहिल्या शतकातील एका ग्रीक खलाशाच्या प्रवासवर्णनात या दोन्ही गावांची नोंद आहे आणि तेथील माल गाड्यांतून, बिनरस्त्याच्या मुलखातून भडोच बंदराला जात असे, असेही त्यात म्हटले आहे. कल्याण बंदराकडे जाणारा माल जुन्नरजवळच्या नाणेघाटाने उतरे. नाणेघाटात आजही एक मोठा दगडी रांजण दाखवितात. जकातीची नाणी त्यात टाकीत असत, असे लोक सांगतात. म्हणजे टोलनाका ही काही अलीकडची पीडा नव्हे!

नाणेघाट पायवाटेचाच राहिला. त्याच्याच शेजारचा माळशेज आज मोटारींचा घाट आहे. खंडाळ्याच्या बोरघाटातून गाडीरस्ता १८३० साली गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत खुला झाला. पुढे १८६३ मध्ये बोरघाटातून व १८६५ मध्ये कसाऱ्याच्या थळघाटातून रेल्वे धावू लागली. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला. त्यानंतर सर्वांत मोठा बदल झाला तो समृद्धी महामार्गाने. ७०१ कि.मी.च्या या रस्त्याचा नागपूर–शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ कि.मी.चा टप्पा ५ जून २०२५ रोजी. इगतपुरीजवळच्या सुमारे आठ कि.मी. लांबीच्या जुळ्या बोगद्यांमुळे कसाऱ्याचा घाट टळला. भरलेली मालमोटार ज्या उतारावर ब्रेक तापवीत, धूर काढीत उतरायची, तेथे आता काही मिनिटांत डोंगराच्या पोटातून पलीकडे जाते.

तर दारे तीन झाली. बीडहून प्रत्येकाचे अंतर साधारण असे पडते. आष्टी, कडा, अहिल्यानगर (चालकांच्या तोंडी अजून नगरच), टाकळी ढोकेश्वर, आळेफाटा, ओतूर, माळशेज, मुरबाड, कल्याण व तेथून शिळफाट्याने वाशी, हे साडेतीनशे ते पावणेचारशे कि.मी. नगरहून शिरूर, शिक्रापूर, मग पुणे शहर टाळण्यासाठी चाकण–तळेगाव करून द्रुतगती मार्ग, हे पावणेचारशे ते चारशे. गेवराई, पाचोड, छत्रपती संभाजीनगर, माळीवाड्याला समृद्धीवर चढून आमणे व भिवंडीमार्गे वाशी, हे सव्वाचारशेच्या आसपास. कोणत्या फाट्याने कोठे वळलात त्यावर दहा-वीस कि.मी. इकडे-तिकडे होतील.

नकाशावर पाहिले तर माळशेज जिंकतो. पण माल नकाशावरून जात नाही.

पैशाचा हिशेब, किलोमागे

आमच्या व्यापारी बंधूंची एक खोड आहे. टोलची पावती हातात आली की ती पूर्ण रकमेने डोळ्यांत खुपते. तिला किलोने भागून कोणी पाहत नाही. आपण भागून पाहू.

दोन आसांच्या मालमोटारीला समृद्धीवर एप्रिल २०२५ पासूनचा सुधारित दर कि.मी.ला ६.९७ रु. होता. माळीवाडा ते आमणे अंतर सुमारे अडीचशे कि.मी. धरल्यास टोल साडेसतराशे रुपयांच्या घरात जातो. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर १ एप्रिल २०२३ पासून अशाच गाडीला पूर्ण मार्गाचा दर ६८५ रु. लागू झाला. माळशेजच्या वाटेवर टोल त्या मानाने किरकोळ. समृद्धीने जाणाऱ्याला आधी पाडळसिंगीचा नाकाही लागतो, हे लक्षात ठेवावे. आता डिझेल. भरलेली गाडी लिटरला पाच कि.मी. देते व डिझेल ९० रु. लिटर आहे, असे हिशेबापुरते समजू. म्हणजे कि.मी.ला १८ रु. समृद्धीचा रस्ता माळशेजपेक्षा ६५ कि.मी. लांब धरला तर डिझेलचे ११७० रु. वाढले. टोल व डिझेल मिळून समृद्धी माळशेजपेक्षा सुमारे २९०० रुपयांनी महाग पडली.

एकोणतीसशे रुपये ऐकून मालकाच्या कपाळावर आठी पडते. पण गाडीत वीस किलोचे ४०० क्रेट, म्हणजे आठ टन माल आहे. २९०० ला ८००० ने भागा. किलोला ३६ पैसे! आणि गाडी उशिरा पोहोचल्याने किलोमागे पाचच रुपये भाव तुटला तर नुकसान ४० हजारांचे. छत्तीस पैसे वाचविण्यासाठी पाच रुपये पणाला लावायचे, याला धंदा म्हणायचे की जुगार, हे ज्याचे त्याने ठरवावे.

येथे एक सावधगिरीची सूचना. हाच हिशेब लहान पिकअप गाडीला जसाच्या तसा लागू करू नये. तिला समृद्धीचा दर कि.मी.ला ३.३२ रु., म्हणजे अडीचशे कि.मी.ला ८३० रु. गाडी लिटरला दहा कि.मी. देते असे धरले तर जादा अंतराचे डिझेल ५८५ रु. एकूण सव्वाचौदाशे रुपयांच्या आत-बाहेर. परंतु माल दीडच टन. म्हणजे किलोला जवळजवळ ९५ पैसे. मोठ्या गाडीच्या अडीचपट! म्हणूनच पिकअपवाले माळशेज सोडायला तयार होत नाहीत, व ते मूर्ख आहेत म्हणून नव्हे. चार शेजाऱ्यांनी चार पिकअप भरण्याऐवजी एक मोठी गाडी भरावी हा सरळ उपाय आहे. पण आपल्याकडे ‘माझा माल, माझी गाडी’ हा मान आडवा येतो, त्याला कोण काय करणार!

माल कोणता, तालुका कोणता

सर्व माल सीताफळ नसतो, हेही तितकेच खरे. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, अंबाजोगाईला सीताफळाचे संशोधन केंद्र आहे, बालाघाटच्या डोंगरातील हे फळ गोडीला नामांकित आहे. पण झाडावरून उतरविल्यावर ते तीन-चार दिवसांत पिकून मऊ पडते. त्यातील एक दिवस तोडणी व भराईत जातो, एक रात्र रस्त्यात. पुढे किरकोळ विक्रेत्याच्या हातात दीड-दोन दिवस उरले तरच तो भाव देतो. बाजारात फळ पहाटे उतरले पाहिजे, ही अट म्हणून सीताफळाला सर्वांत कडक. मोसंबी त्या मानाने सोशिक. कांदा तर एक दिवस उशिरा गेला म्हणून रडत बसत नाही, त्याला ताडपत्री चांगली हवी एवढेच. कांद्याच्या गाडीने समृद्धीचा टोल भरणे आम्हाला तरी पटत नाही. तिने कोरड्या दिवसांत, दिवसाउजेडी, सावकाश माळशेज उतरावा.

तालुक्यानुसारही उत्तर बदलते, आणि याच बाबतीत बरेच जण फसतात. ‘बीडहून’ असे एक गाव धरून सल्ला दिला जातो. पण जिल्हा केवढा पसरला आहे! गेवराईकराला संभाजीनगर शंभर कि.मी.च्या आत-बाहेर, त्याने समृद्धीच धरावी. आष्टी-कड्याचा माणूस तर नगरच्या दारातच बसलेला. त्याने माल घेऊन उलटे संभाजीनगरला जाणे म्हणजे नाक डोक्यामागून हात नेऊन पकडणे. त्याला माळशेज किंवा बोरघाट. माजलगावची गाडी गढी–पाथर्डीवरून करंजीच्या घाटाने नगरला उतरू शकते किंवा गढीहून उजवीकडे वळून गेवराई–संभाजीनगर करू शकते. तिच्यापुढे खरा पेच आहे. अंबाजोगाई, केज, धारूर या भागाला मांजरसुंब्याहून पाटोदा–जामखेड ही वाट आहे. शिवाय कळंब–बार्शीकरून टेंभुर्णीला सोलापूर–पुणे महामार्ग गाठण्याचीही सोय आहे. ती लांब पडते, पण पुण्याला अर्धा माल उतरवायचा असेल तर तीच बरी. धारूरच्या गाड्यांना तर सह्याद्रीच्या आधी घरचाच घाट उतरावा लागतो. त्या घाटातील वळणे ज्यांनी रात्री उसाच्या गाड्यांमागे अडकून पाहिली आहेत त्यांना अधिक सांगायला नको.

बोरघाटाच्या वाटेविषयी दोन शब्द. द्रुतगती मार्ग उत्तम आहे, यात शंका नाही. २०२४ पासून तेथे कॅमेऱ्यांची यंत्रणा बसली आहे. मार्गिका सोडली, वेग ओलांडला की दंडाचा निरोप मालकाच्या भ्रमणध्वनीवर येतो. तेव्हा चालकाला आधीच बजावून ठेवावे. पण आमच्या गाड्यांची अडचण द्रुतगती मार्गावर नाही, त्याच्या आधी आहे. शिक्रापूर ते चाकण ते तळेगाव या पट्ट्यात कारखान्यांच्या मोठ्या गाड्यांची अशी दाटी होते की संध्याकाळी तेथे सापडलेल्या माणसाने घरी फोन करून जेवण झाकून ठेवायला सांगावे. रात्री अकरानंतर शिक्रापूर ओलांडता येईल अशा बेताने बीड सोडले, तर ही वाट वाईट नाही. खोपोली ते कुसगाव हा सुमारे तेरा कि.मी.चा नवा जोडरस्ता घाटातील अंतर सहा कि.मी.ने कमी करण्यासाठी योजलेला आहे. त्याने घाट सुटतो, चाकण सुटत नाही.

माळशेजला आम्ही नावे ठेवली म्हणून कोणी गैरसमज करून घेऊ नये. मार्च-एप्रिलमध्ये त्या घाटासारखी मोकळी वाट नाही. प्रश्न जुलै ते सप्टेंबरचा आहे. दरडी सुटतात, धुके इतके उतरते की क्लीनरला खाली उतरून बत्ती दाखवीत गाडीपुढे चालावे लागते. सीताफळाचा हंगाम सप्टेंबरमध्ये सुरू होतो, म्हणजे ऐन पावसाच्या शेपटीत. आणि धोका केवळ पावसाळ्याचाच असतो असेही नाही. २ जानेवारी २०१४ रोजी ठाण्याहून नगरकडे निघालेली एस.टी. बस याच घाटात दरीत कोसळली व २७ जीव गेले. तेव्हा पावसाळा नव्हता.

इंग्रजांच्या देशातील घाट

विषय निघालाच आहे म्हणून थोडे दूर जाऊन येतो. आपल्या कोकणी मुस्लिम बांधवांपैकी अनेक कुटुंबे पूर्वीपासून ब्रिटनमध्ये स्थायिक आहेत. ब्रिटनच्या उत्तर भागात राहणारा कोणी स्वतःच्या गाडीने युरोपात निघाला तर त्याच्यापुढे अगदी हाच प्रश्न येतो. तेथे भिंत डोंगराची नाही, पाण्याची आहे. दक्षिणेच्या टोकाला डोव्हर बंदर आहे. तेथून फ्रान्सचे कॅले बंदर बोटीने दीड तासावर. शेजारच्या फोकस्टनहून १९९४ मध्ये सुरू झालेल्या समुद्राखालील बोगद्यातून आगगाडीवर मोटार चढविली तर पस्तीस मिनिटेच. तिकीटही त्या मानाने स्वस्त. पण एडिंबरोहून डोव्हर सातशे कि.मी.हून अधिक! उलट घराजवळच्या न्यूकॅसलहून रात्रभराची बोट हॉलंडला जाते, हल बंदराहून रॉटरडॅमला जाते. भाडे बरेच, वेळही सारी रात्र. मात्र माणूस खोलीत झोपतो व सकाळी ताजातवाना होऊन गाडी बाहेर काढतो.

स्वस्त तिकीट पाहून दक्षिणेला धावणारा तेथेही डिझेल, वाटेतील मुक्काम व शिणवटा विसरतो. मात्र मालवाहू गाडीच्या बाबतीत तेथे विसरू दिले जात नाही. कायद्याने चालकाला दिवसाला साधारण नऊ तासच गाडी हाकता येते व साडेचार तासांनंतर पाऊण तास विसावा सक्तीचा आहे. गाडीतील यंत्र त्याची नोंद ठेवते. त्यामुळे झोपेलाही हिशेबात किंमत आहे. बोटीवर झोपलेली रात्र म्हणजे विश्रांतीही झाली आणि समुद्रही ओलांडला.

आपल्याकडे कायदा नाही असे नव्हे. मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१ साली झाला. दिवसाला आठ तास व आठवड्याला ४८ तास, अशी मर्यादा त्यात घातलेली होती. पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायाला लागू होता. आपल्या जिल्ह्यातील एक-दोन गाड्यांचे मालक, जे बहुधा स्वतःच चालकही असतात, ते या मर्यादेबाहेरच राहिले. बीड ते वाशी कोणत्याही घाटाने गेले तरी भरलेल्या गाडीला आठ-दहा तास लागतात. दिवसभर भराईवर उभा राहिलेला माणूस रात्री चाकावर बसतो. तो घाटात जागा राहतो, कारण भीती जागे ठेवते. झोप लागते ती सरळ रस्त्यावर. समृद्धीवर हाच खरा धोका आहे. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ खासगी बसला आग लागून २५ प्रवासी गेले, ती घटना वाचकांच्या स्मरणात असेल. सिमेंटचा सरळ रस्ता, वळण नाही, गाव नाही, चहाची टपरी नाही. जुने, घासलेले टायर त्या रस्त्यावर तापून फुटतात. टोल वाचवून टायर घ्यावेत की टायर वाचवून टोल भरावा, असा प्रश्न एका मालकाने आम्हाला गमतीने विचारला. पण समृद्धीवर जायचे तर दोन्ही खर्च करावे लागतात, हेच त्याचे उत्तर.

जनावरांच्या गाड्या

ईदुल अज्हापूर्वी आपल्या भागातून बोकडांच्या गाड्या मुंबईला, देवनारच्या बाजाराला जातात. त्यांचा हिशेब फळापेक्षा वेगळा. फळ मऊ पडते, जनावर वजन उतरविते व कधी दगावते. चांद्रवर्षामुळे ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते. २०२४ मध्ये ती १७ जूनला होती, २०२५ मध्ये ७ जूनला. म्हणजे पुढील काही वर्षे ती मे व एप्रिलच्या कडक उन्हात येत राहील. तेव्हा घाटात दुपारी अडकलेली जनावरांची गाडी म्हणजे मालकाचे नुकसान व मुक्या जीवाचे हाल, दोन्ही. अशी गाडी संध्याकाळी उशिरा सुटावी, मध्ये पाणी पाजण्यास थांबता येईल अशीच वाट धरावी. या बाबतीत आम्ही नगर–आळेफाट्याच्या वाटेला झुकते माप देऊ. तेथे गावोगावी पाणी व सावली मिळते, समृद्धीवर मधे हवे तेथे उतरता येत नाही. जनावरांच्या वाहतुकीचे १९७८ चे नियम आहेत. पशुवैद्यकाचा दाखला व गाडीतील पुरेशी जागा याबाबत हयगय करू नये. शिवाय फळाची गाडी वाशीला बाजारात वळते तेव्हा खाडीपुलाचा टोलनाका तिला लागत नाही. देवनारला जाणाऱ्याला तो ओलांडावा लागतो. मालवाहू गाडीने ऑक्टोबर २०२४ ची टोलमाफी गृहीत धरू नये. ती हलक्या वाहनांसाठी दिली गेली.

परतीची वाट

जाण्याचा घाट आणि येण्याचा घाट एकच असला पाहिजे, असा कोठेही नियम नाही. तरी सवयीने माणूस गेल्या वाटेने परत येतो. मालाने भरलेली गाडी जाताना घाईत असते, परतताना तिला घाई नसते. तिला भाडे हवे असते. भिवंडीच्या गोदामांतून मराठवाड्याकडचा माल मिळाला तर आमणेवरून समृद्धी जवळ आहे. भाड्यात टोल निघतो. नाही मिळाला तर रिकाम्या गाडीने दिवसाढवळ्या मुरबाड–माळशेज चढून यावे. चढणीला रिकामी गाडी त्रास देत नाही व टोलही वाचतो. चाकणला कारखान्याचा माल ठरलेला असेल तर बोरघाट. परतीचे भाडे आधी फोनवर ठरवूनच बीड सोडणारे मालक आम्ही पाहिले आहेत व त्यांच्या गाड्यांचे हप्ते थकत नाहीत, हेही पाहिले आहे.

आता पुन्हा त्या उक्त्या रकमेकडे येऊ. आमच्या मते टोलचा पैसा चालकाच्या खर्चातून बाहेर काढला पाहिजे. फास्टॅग फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचा झाला, तेव्हा रोख नाणी देण्याची गरज तशीही उरली नाही. मालकाने टॅगमध्ये पैसे भरून ठेवावेत, टोल थेट त्याच्या खात्यातून जावा आणि चालकाला डिझेल व भत्ता वेगळा मिळावा. मग महाग वाट धरल्याने चालकाच्या खिशाला झळ बसत नाही आणि स्वस्त वाट धरल्याने त्याचा फायदाही होत नाही. दुसरे असे की, माल ज्याचा आहे त्याने गाडी भरतानाच भाड्याच्या चिठ्ठीवर घाटाचे नाव लिहून घ्यावे व जादा टोल कोणी सोसायचा तेही लिहावे. बागायतदार म्हणतो गाडीवाल्याने, गाडीवाला म्हणतो मालवाल्याने, आणि वाशीचा आडत्या पट्टीतून भाडे कापून मोकळा होतो. धारूरच्या त्या दोन भावांचे भांडण आजही मिटलेले नाही, कारण चिठ्ठीवर फक्त ‘वाशी’ एवढेच लिहिले होते.

अहिल्यानगर–बीड–परळी या २६१ कि.मी.च्या रेल्वेमार्गावर अहिल्यानगर–आष्टी गाडी २३ सप्टेंबर २०२२ रोजी सुरू झाली व १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिदिनी, बीड शहराने प्रवासी गाडी पाहिली. रेल्वेने माल गेला तरी मुंबई गाठायला अखेर बोरघाट किंवा थळघाट उतरणे आलेच. पण ती चिंता इंजिनाच्या चालकाची असेल, आपली नव्हे.

आम्ही उठलो तेव्हा बार्शी नाक्यावर एक गाडी ताडपत्री आवळून तयार होती. उस्तादांनी मालकाला हाक मारून विचारले, “भाईजान, मुरबाडला पाऊस आहे का, विचारलेत का?” मालकाने फोन लावला. पाऊस होता. त्याने खिशातून चिठ्ठी काढली, ‘माळशेज’ खोडले, वर ‘समृद्धी’ लिहिले आणि टॅगमध्ये पैसे किती शिल्लक आहेत ते पाहू लागला.